क्लच साईडचं पॅकिंग तिसऱ्यांदा बदललं, तरी तेल येतंच!

गोडोलीकर

नमस्कार मंडळी. गाडी स्प्लेंडर, २००३ची, एमएच ११ म्हणजे सातारा पासिंग, वडिलांनी घेतलेली. ती विकायचा विषय घरात दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा आईनं एका शब्दात संपवला. त्यामुळं आता ती माझी. रोज गोडोली ते एमआयडीसी आणि परत, कधीतरी रविवारी ठोसेघर, एवढंच फिरणं.

दुखणं असं : उजव्या बाजूच्या, म्हणजे क्लचच्या, कव्हरखाली तेल येतं. रात्रभर उभी केली की सकाळी पार्किंगच्या फरशीवर रुपयाएवढा डाग. सोसायटीच्या चेअरमननी दोनदा तोंडी सांगितलं, आता लेखी देणार म्हणतात.

पहिल्यांदा एका ओळखीच्या मेकॅनिकनं पॅकिंग (कव्हरच्या सांध्यातला कागद) बदलून दिलं. पंधरा दिवस कोरडं, मग परत सुरू. दुसऱ्यांदा मी स्वतः बसलो. किक, फूटरेस्ट, क्लच केबल काढली, बोल्ट सगळे वाटीत ठेवले, कव्हर निघेना म्हणून स्क्रू ड्रायव्हर घालून उचललं. जुनं पॅकिंग पार चिकटलेलं, तेही त्याच स्क्रू ड्रायव्हरनं खरवडून काढलं. नवीन लावलं, बोल्ट गच्च आवळले. आठवड्यात पुन्हा तेल.

तिसऱ्यांदा वैताग आला. दुकानातून सिलिकॉनची ट्यूब आणली, अर्धी ट्यूब पॅकिंगच्या दोन्ही बाजूंनी फासली, कव्हर लावलं आणि अर्ध्या तासात गाडी काढून कोरेगावला जाऊन आलो. आता तेल पूर्वीपेक्षा थोडं जास्तच येतंय.

माझं काय चुकतंय? की क्रँककेसच (इंजिनचं खालचं कवच) बदलायला झालीय? ट्यूब कुठल्या कंपनीची चांगली?

आठ_नंबर_पाना

भावा, पॅकिंग लोकल असणार. ओरिजनल घे, दोन्ही बाजूंनी ॲनाबॉंडचं सिलिकॉन लाव, रात्रभर ठेव, सकाळी किक मार. माझं गॅरेज आहे, वीस वर्षं हेच करतोय. एकही गाडी परत आली नाही.

बुलेटपंथी

एकही परत आली नाही याचे दोन अर्थ होतात हां.

बाकी गोडोलीकर, तेल गळतंय म्हणजे गाडीत तेल आहे. आम्ही जुने बुलेटवाले गळायचं थांबलं की घाबरतो.

वाचनमात्र

माझ्या पल्सरला मॅग्नेट साईडला, म्हणजे डाव्या कव्हरला, असंच होतंय. वाचतोय.

कुपवाडचा_फोरमन

गोडोलीकर, तुमची पोस्ट तीनदा वाचली. निम्मं उत्तर तुम्हीच लिहिलंय, फक्त तुम्हाला ते दिसलं नाही. कुपवाडच्या एमआयडीसीत पंप आणि कॉम्प्रेसर जोडण्यात माझी नोकरी गेली. तिथं गळती आली की साहेब पहिला प्रश्न एकच विचारायचे : "फेस बघितला का?" फेस म्हणजे सांध्याची सपाट बाजू. पॅकिंग बघितलं का, असं कधीच नाही.

कव्हर आणि क्रँककेस दोन्ही ॲल्युमिनियमचे. डोळ्याला गुळगुळीत दिसतात, पण मशिनिंगच्या बारीक रेषा असतात. पॅकिंगचा कागद दाबला जातो आणि त्या रेषा भरतो, त्याचं काम एवढंच. त्याला दाबून ठेवायचं काम बोल्टचं. बोल्ट आवळताना किंचित ताणला जातो आणि तो ताण कव्हर ओढून धरतो. आता तुम्ही स्क्रू ड्रायव्हरनं खरवडलंत. ॲल्युमिनियमवर पोलादाचं टोक फिरलं की आडवी चर पडते. चर आतून बाहेर गेली असेल, तर तेलाला तुम्ही स्वतः पाट काढून दिलाय. कव्हर उचकटताना काठाला खाच पडली असेल ती वेगळी.

दुसरं, "बोल्ट सगळे वाटीत ठेवले." इथं मी कपाळाला हात लावला. त्या कव्हरचे बोल्ट एका लांबीचे नसतात. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर तळाला टेकतो. हाताला गच्च लागतो, पण कव्हर दाबतच नाही. आखूड बोल्ट लांबच्या भोकात गेला तर चारच आटे पकडतो आणि जोर दिला की ते चार आटे घेऊन बाहेर येतो. एक पुठ्ठा घ्या, त्यावर कव्हरचा आकार काढा, प्रत्येक बोल्टच्या जागी भोक पाडा आणि काढलेला बोल्ट त्याच भोकात खोचून ठेवा. मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा उत्तम. साताऱ्यात कंदी पेढ्यांची खोकी काय कमी?

तिसरं, "गच्च आवळले." पाना ८ नंबरचा असला तरी बोल्टची जाडी ६ मिलिमीटर आहे. त्याला साधारण १० न्यूटन मीटर एवढाच टॉर्क, म्हणजे पिळायचा जोर, लागतो. त्याहून जास्त पिळलं की भोकाभोवतीचं ॲल्युमिनियम वर ओढलं जातं आणि तिथं बारीक फुगवटा येतो. कव्हर त्या फुगवट्यांवर टेकतं, मधला भाग अधांतरी राहतो. म्हणजे जितकं आवळाल तितकं गळेल. हे लोकांना पटत नाही.

पण हे सगळं दुसऱ्या नंबरचं. आधी मला सांगा, तेल त्या सांध्यातूनच येतंय हे कशावरून ठरवलंत?

गोडोलीकर

काका, कव्हरच्या खालच्या काठाला थेंब लोंबतो. तिथूनच येणार ना?

कुपवाडचा_फोरमन

पन्हाळीतून पाणी पडतं म्हणून पाऊस पन्हाळीत पडतो का?

तेल वरून येतं, गाडी चालताना वाऱ्यानं मागं सरकतं आणि सगळ्यात खालच्या काठाला येऊन लोंबतं. टॅपेट कव्हरची रिंग, ब्लॉकखालचं (पिस्टन ज्यात फिरतो त्या भागाखालचं) बेस पॅकिंग, किक शाफ्टभोवतीचं रबरी सील, यांतलं काहीही असू शकतं. तुमच्या गाडीत किकचा शाफ्ट त्याच कव्हरमधून बाहेर येतो हे विसरू नका.

इंजिन गार असताना ती बाजू रॉकेलनं ब्रश मारून धुवा. रॉकेल आता मिळतंय कुठं म्हणा, डिझेल घ्या. पेट्रोलनं धुऊ नका, हौसेला आग लागायची. पुसून पूर्ण कोरडी करा. मग अंगाला लावायची टाल्कम पावडर कापसावर घेऊन पातळ फुंका. पाच-सात किलोमीटर फिरून या आणि टॉर्च घेऊन खाली बसा. ओल सुरू कुठं होते ते बघा, संपते कुठं ते नको.

बुलेटपंथी

पावडर नसेल तर रांगोळी चालेल का काका?

कुपवाडचा_फोरमन

नाही. रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी. इंजिन उघडायच्या जागी असलं काही नेऊ नका. अंगाराही नको, पुढचा प्रश्न तोच येणार होता.

यवतेश्वर_घाट

विषय निघालाच आहे तर माझी आरएक्स १००ची कहाणी ऐका, टू-स्ट्रोकवाल्यांच्या कामाला येईल.

ब्लॉक उतरवून रिंगा टाकल्या. बेस पॅकिंग मिळेना, म्हणून जुनंच परत बसवलं, एका बाजूला थोडं फाटलेलं. म्हटलं, इथं कुठं तेल असतं, गळणार काय? आणि खरंच काही गळलं नाही. गाडी उलट जोरात पळायला लागली. थ्रॉटल सोडला तरी रेस खाली यायची नाही, आणि मी खूश! चौथ्या दिवशी यवतेश्वरचा घाट चढताना निम्म्यात मागचं चाक जाम. क्लच दाबून थांबलो, नाहीतर आज लिहायला नसतो. पिस्टन चिकटला होता. गाडी वळवून उतारानं साताऱ्यात आणली.

नंतर कळलं ते असं. फोर-स्ट्रोकमध्ये खालचं चेंबर म्हणजे तेलाची टाकी. टू-स्ट्रोकमध्ये मात्र तेच पंप असतं. पिस्टन वर जाताना ते चेंबर पेट्रोल आणि हवा आत ओढतं, खाली येताना दाबून ब्लॉकमध्ये चढवतं. सांधा फाटका असेल तर तिथून नुसती हवा आत जाते. मिश्रण पातळ, इंजिन भट्टी. फोर-स्ट्रोकमध्ये तेल बाहेर येतं म्हणून फरशीवर डाग तरी दिसतो. टू-स्ट्रोकमध्ये हवा आत जाते, तिचा डाग पडत नाही. रेस अडकते हीच खूण.

कृष्णाकाठ

सांगलीहून. २०१९च्या ऑगस्टात पूर आला तेव्हा आमच्या गल्लीत गाड्या हँडलपर्यंत बुडाल्या होत्या. पाणी ओसरल्यावर आठ-दहा इंजिनं आम्ही दोघा मित्रांनी उघडली, स्वतःचं धरून.

तेव्हा एक शिकलो. तेल दुधाळ चहासारखं झालं की लोक म्हणतात हेड पॅकिंग, म्हणजे ब्लॉकवरच्या हेडखालचं पॅकिंग, गेलं. अरे, हवेवर गार होणाऱ्या इंजिनात कूलंटच नाही, तर हेड पॅकिंग गेल्यावर पाणी येणार कुठून? ते पाणी बाहेरून आलेलं असतं. आरवन फाइव्हसारखी पाण्यावर गार होणारी गाडी असेल तर गोष्ट वेगळी, तिथं हेड पॅकिंगवर संशय घ्यायलाच पाहिजे. पावसाळ्यात रोज दोनच किलोमीटर चालणाऱ्या गाडीलाही भरायच्या झाकणाखाली पांढरी साय येते. इंजिन पुरतं तापत नाही, आतली वाफ उडत नाही. एकदा लांब चक्कर मारा, जाईल.

आणि पुरातल्या गाड्यांना नंतर वर्षभर जिथंतिथं तेल यायचं त्याचं कारण ब्रीदर, म्हणजे इंजिनची श्वासाची नळी. गाळ जाऊन नळी बुजलेली. पिस्टनच्या बाजूनं थोडा गॅस खाली उतरतोच, तो ब्रीदरनं बाहेर जातो. वाट बंद झाली की चेंबरमध्ये दाब वाढतो आणि जो सांधा, जे सील सगळ्यात कमजोर असेल तिथून तेल ढकलतो. एक बंद केलं की दुसरीकडून. पॅकिंगवर पॅकिंग बदलत बसायचं. गोडोलीकर, ती नळी कुठं चिमटलीय का तेही बघा.

आठ_नंबर_पाना

सगळे प्रोफेसर जमलेत. गिऱ्हाईक संध्याकाळी गाडी मागतं राव. पावडर मारून ओल शोधत बसलो तर दिवसाला एक गाडी होईल. सिलिकॉननं काम होतं, मग लावायचं नाही का?

कुपवाडचा_फोरमन

लावायचं. पण कुठं आणि किती, हे ठरवून.

कागदाचं पॅकिंग असेल तिथं ते कोरडं बसवायचं, नाहीतर एका बाजूला ग्रीसचं बोट फिरवायचं, म्हणजे पुढच्या वेळी खरवडावं लागत नाही. कागदावर सिलिकॉन फासलं की कागद निसरडा होतो. बोल्ट आवळताना तो सरकतो आणि दोन बोल्टच्या मधे बाहेर नाहीतर आत फुगतो. तुम्ही ट्यूब लावून पॅकिंगला साबण लावताय.

सिलिकॉनची खरी जागा दोन : जिथं कंपनीनं पॅकिंग न देता तेच सांगितलंय तिथं, आणि जिथं तीन सांधे एकत्र येतात तिथं. ब्लॉकखाली क्रँककेसचे दोन अर्धे मिळतात, त्या रेषेवर पुढं-मागं मुगाएवढा थेंब. बाकी कुठं लावायची वेळ आलीच तर पोळीला तूप लावतो तेवढं. पुरणपोळीला लावतो तेवढं नाही.

कारण जेवढं बाहेर येताना दिसतं तेवढंच आतही जातं. बाहेरचं तुम्ही बोटानं पुसता. आतलं कोण पुसणार? ते वाळून, तुटून तेलात फिरतं आणि तेलाच्या जाळीत जाऊन बसतं.

कराडची_कन्या

मी भौतिकशास्त्र शिकवते आणि स्वतःची गाडी स्वतः उघडते, म्हणून दोन गोष्टी.

सिलिकॉन उन्हानं किंवा इंजिनच्या उष्णतेनं "वाळत" नाही. ते हवेतल्या ओलाव्याशी संयोग होऊन घट्ट होतं, आणि ओलावा बाहेरून आत झिरपत जातो. म्हणून दहा-पंधरा मिनिटांत वर कातडी धरते, पण आतून ते कच्चंच असतं. पुरतं व्हायला साधारण २४ तास द्यावेत. अर्ध्या तासात कोरेगाव म्हणजे कच्च्या सिलिकॉनला गरम तेलाची आंघोळ. काही ट्यूब उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास येतो. त्यातून ॲसिटिक आम्ल सुटतं, ते धातूला चांगलं नाही. बिनवासाची घ्यावी. आणि पेट्रोल लागतं तिथं, कार्बोरेटरच्या बाजूला, साधं सिलिकॉन लावूच नये, फुगून सुटतं.

दुसरं टॉर्कबद्दल. टॉर्क पाना सगळ्यांकडे नसतो. १० न्यूटन मीटर म्हणजे १० सेंटिमीटरच्या दांडीच्या टोकाला साधारण १० किलोची ओढ, किंवा २० सेंटिमीटरला ५ किलो. सामान तोलायचा हुकाचा ताणकाटा घ्या, पान्याच्या दांडीवर बोल्टच्या मध्यापासून मोजून २० सेंटिमीटरवर अडकवा आणि काटकोनात ओढा. काटा पाचवर आला की थांबा. मी दोन-तीन बोल्ट असे आवळून बघितले, मग हाताला अंदाज बसला. पहिल्यांदा केलं तेव्हा थक्क झाले, इतकंच? आपण सगळे दुप्पट आवळतो.

आठ_नंबर_पाना

ताणकाटा! आता गॅरेजात भाजी विकायची का ताई?

कराडची_कन्या

पाच रुपयांच्या बोल्टचे आटे वाचले तर भाजीचे पैसे सुटतील दादा.

बुलेटपंथी

तांब्याच्या वॉशरबद्दल कुणी बोललं नाही. ड्रेन बोल्टखालचं तांब्याचं वॉशर एकदा दाबलं गेलं की कडक होतं, दुसऱ्यांदा धड बसत नाही. नवीन घ्यावं हे बरं. पण मिळालं नाही तर गॅसवर मंद लाल होईपर्यंत तापवायचं आणि पाण्यात टाकायचं, मऊ होतं. पोलादाला असं केलं तर ते कडक होतं, तांब्याचं उलट. हे मला आमच्या गल्लीतल्या सोनारानं शिकवलं, मेकॅनिकनं नाही.

स्प्लेंडरच्या जातीच्या आडव्या इंजिनात हेडच्या चार नटांपैकी एकाखाली वेगळं तांब्याचं वॉशर असतं, कारण त्या स्टडच्या कडेनं तेल वर चढतं. हेड उतरवताना ते कुठलं हे खुणावून ठेवा. चुकलं तर हेडच्या डोक्यावर तेलाची विहीर लागते.

गोडोलीकर

मंडळी, रिपोर्ट.

शनिवारी इंजिन डिझेलनं धुतलं, पुसलं, आईच्या डब्यातली पावडर मारली. (आई : "गाडीला पावडर लावतोस, स्वतः कधी दाढी करणार?") यवतेश्वरपर्यंत वर जाऊन परत आलो. पार्किंगमध्ये टॉर्च घेऊन आडवा झालो तर चेअरमनही शेजारी वाकले. चौकशी करायला आले होते, अर्धा तास थांबले.

काका, तुम्ही जिंकलात. मोठी ओल किकच्या शाफ्टभोवती सुरू होतेय, तिथून कव्हरवरून खाली, आणि खालच्या काठाला थेंब. म्हणजे तीन पॅकिंगं मी त्या सीलच्या पापापायी घातली. पण सांध्याचीही एक बारीक ओल आहे, पुढच्या खालच्या बोल्टपाशी. तो बोल्ट पान्यानं हलवला तर फिरतच राहिला. आटे गेलेत.

आणखी एक. तेलाची पट्टी मी इतकी वर्षं गाडी साईड स्टँडवर असतानाच बघत होतो.

कुपवाडचा_फोरमन

अरे देवा. गाडी डावीकडं कलते, पट्टी उजवीकडं आहे. तेल पलीकडं जातं, पट्टी कमी दाखवते, आणि तुम्ही वरून ओतत राहता. डबल स्टँडवर, सपाट जागी, आणि पट्टी पुसून नुसती टेकवून, आट्यात न फिरवता बघायची. जास्तीचं तेलही सीलवर येतं.

आता उघडाच. बाहेर येईल तो प्रत्येक तुकडा पुठ्ठ्यावर ठेवा आणि फोटो काढा.

गोडोलीकर

रविवार. उघडलं. लाज वाटते, तरी लिहितो.

बोल्ट पेढ्यांच्या खोक्यात खोचून ठेवले. तीन वेगवेगळ्या लांबीचे निघाले. कव्हर जागेवर धरणारे दोन पोकळ डॉवेल (नळीसारख्या पिना) असायला हवेत, एकच आहे. दुसरा मागच्या खेपेला कुठंतरी पडला असणार, म्हणजे कव्हर नेमक्या जागी बसतच नव्हतं. खालच्या काठाला स्क्रू ड्रायव्हरची खाच आहे, नखाला लागते. आणि खालची तेलाची जाळी सरकवून बाहेर काढली, तर तिच्यात लाल सिलिकॉनचे तुकडे, अगदी शेवयांसारखे. निम्मी जाळी बुजली होती. अजून महिना चालवली असती तर वर हेडमधल्या कॅमला तेल मिळालं नसतं.

किकचं सील भाकरीच्या पापुद्र्यासारखं कडक झालेलं, वाकवलं तर मोडलं.

आठ_नंबर_पाना

जाळीचा फोटो टाक.

गोडोलीकर

[फोटो] हा घ्या.

आठ_नंबर_पाना

हं.

कुपवाडचा_फोरमन

घाबरू नका, यातलं काहीच जिवावरचं नाही.

आटे : लेथवाल्याकडं जाऊन ६ मिलिमीटरचं हेलिकॉइल (नव्या आट्यांची स्प्रिंग) बसवून घ्या. जाड बोल्ट ठोकू नका, कव्हरचं भोक त्याला पुरत नाही. बाकीच्या भोकांच्या तोंडावर बोट फिरवा. काठ वर आलेला लागला तर मोठं ड्रिल बिट नुसतं हातानं एक-दोनदा फिरवा, फुगवटा निघून जाईल. मशीनला लावू नका. त्याआधी क्लच आणि चेंबरवर स्वच्छ फडकं झाका, कीस आत पडता कामा नये.

जुनं पॅकिंग : रिमूव्हर नसेल तर तेल लावून भिजू द्या, मग लाकडाची किंवा प्लास्टिकची पट्टी. कोरडं घासू नका. जुन्या काळच्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, तुमच्या इंजिनात कुठल्या साली काय बसलंय कुणाला ठाऊक. ओलं असलं की धूळ उडत नाही.

कव्हर : जाड काच सपाट ठेवा, त्यावर ४०० नंबरचा पॉलिश पेपर, थोडं तेल. फेसवर मार्करनं आडव्या रेघा मारा आणि कव्हर इंग्रजी आठच्या आकड्यासारखं हलक्या हातानं फिरवा. रेघा सगळीकडं पुसल्या तर फेस सपाट. जिथं राहिल्या तिथं खड्डा. खाचेची धार जाईल, खोल भाग राहील. त्या खाचेपुरतं, फक्त खाचेपुरतं, सिलिकॉन नखानं भरा. बघा, मी सिलिकॉनचा दुश्मन नाही. शेवटी साबणाच्या पाण्यानं धुवा, पेपरचा एक कण राहता कामा नये.

सील : बाहेरच्या बाजूनं सरळ, त्याच मापाच्या गोट्यानं (सॉकेटनं) टेकून हलकं ठोकत बसवा. ओठाला ग्रीस. आणि कव्हर चढवताना किकच्या शाफ्टच्या दात्यांवर सेलोटेप गुंडाळा. नाहीतर नवं सील पहिल्याच मिनिटाला कापलं जाईल आणि तुम्ही चौथ्यांदा इथं धागा काढाल.

आवळणं : आधी सगळे बोल्ट बोटांनी. मग समोरासमोर, एक इकडचा एक तिकडचा, दोन फेऱ्यांत. तिसऱ्या फेरीत कराडच्या ताईंचा काटा.

कृष्णाकाठ

पॅकिंग मिळालं नाही तर स्वतः कापायला शिका, एकदा जमलं की मजा येते. ऑटो पार्टच्या दुकानात पॅकिंग पेपर शीटमध्ये मिळतो. जुन्या पॅकिंगची जाडी व्हर्नियरनं मोजून तेवढाच घ्या. आमच्याकडं जुने लोक शीट केसवर ठेवून छोट्या हातोडीनं काठावर टकटक करून कापायचे. छान जमतं, पण ॲल्युमिनियमचा काठ हळूहळू गोल होतो. त्यापेक्षा तेलकट अंगठा फिरवून छाप उमटवा आणि कात्रीनं कापा. भोकं आधी, बाहेरचा काठ नंतर. दोन भोकं पाडून त्यात बोल्ट घातले की शीट हलत नाही. हे फक्त कव्हरसाठी हां. बेस पॅकिंगची जाडी बदलली की ब्लॉकची उंची बदलते, कॉम्प्रेशन बदलतं, तिथं वहीचा पुठ्ठा चालत नाही.

यवतेश्वर_घाट

कॉम्प्रेशनचं मला विचारा.

गोडोलीकर

पुढच्या आठवड्यातला बुधवार. सगळं सांगितल्याप्रमाणं केलं. हेलिकॉइल, सील, नवीन डॉवेल, पॅकिंग कोरडं. खाचेत सिलिकॉन ज्वारीच्या दाण्याएवढं. त्यासाठी गाडी पूर्ण दिवस उभी ठेवली, ऑफिसला एसटीनं गेलो. जाळी धुतली, तेल नवीन, डबल स्टँडवर मोजून. ब्रीदरची नळी खरंच एका ठिकाणी घडी पडून चपटली होती, बदलली.

ताणकाट्याबद्दल : पाचवर आल्यावर मन म्हणतं, अजून थोडं. फार अवघड गेलं थांबायला.

इंजिनखाली रविवारची पुरवणी अंथरलीय. चार रात्रींनंतर कागद कोरडा. चेअरमन रोज सकाळी बघून जातात. त्यांच्या स्कूटरचं काम कधी करून देतोस म्हणून काल विचारलं.

कुपवाडचा_फोरमन

छान. ५०० किलोमीटरनंतर एकदा बोल्ट नुसते तपासा. आवळू नका, तपासा. आणि जाळी परत काढून बघा, राहिलेल्या शेवया तेव्हा येतील.

वाचनमात्र

धागा पूर्ण वाचला. माझ्या पल्सरची मॅग्नेट साईड. उद्याच पॅकिंग आणि ट्यूब आणतो.

आठ_नंबर_पाना

थांब. आधी डिझेलनं धू, पुस, पावडर मार, फिरून ये. ट्यूबचं नंतर बघू.

वाचनमात्र

घरात फक्त बाळाची पावडर आहे.

आठ_नंबर_पाना

चालेल. वहिनींना विचारून घे.